क्रोशाच्या रुमालाखालचा टेलिफोन

मित्रांनो, दोन रिसीव्हर असलेला टेलिफोन तुम्ही बहुधा पाहिला नसेल. मी तसा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. डाव्या अंगाला एक रिसीव्हर, उजव्या अंगाला एक, आणि तारेच्या पलीकडे, दूर शहरात बसलेला दुभाषी. समोरासमोर बसलेल्या, पण एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन माणसांनी एकेक रिसीव्हर कानाला लावायचा आणि बोलायचे, एवढेच माझे काम. ते काम मी गेल्या चार वर्षांत एकदाही केलेले नाही. पुसले मात्र मला रोज जाते, आणि खरे सांगतो, त्या पुसण्याची मला शिसारी आली आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईने माझे दोन्ही रिसीव्हर आपल्याच दोन कानांना लावले. "ऐकू येतंय का गं?" असे तिने विचारले आणि "येतंय की!" म्हणून स्वतःच उत्तर दिले. मग स्वतःशीच हसली आणि माझ्या पोटाखाली हिरवी चिठ्ठी चिकटवली. माणसाचे पहिले बोलणे मी ऐकले ते असे हसरे. त्यामुळे सगळी माणसे अशीच असतात, असा माझा भाबडा समज झाला.

तिथून मी जपानमधल्या या बंदराच्या गावी, नगर कार्यालयात आलो. आमचे गाव कालवांचे. समुद्रात कालवे वाढवायचे तराफे, किनाऱ्याला ती फोडायच्या शेडी आणि शेडीमागे शिंपल्यांचे डोंगर. गावची पोरे शहरात निघून गेली आणि कालवे फोडायला हात उरले नाहीत. म्हणून व्हिएतनाममधून, फिलिपिन्समधून, इंडोनेशियातून हात बोलावले. हातांबरोबर तोंडेही येतात, हे लोकांना नंतर सुचले. तेव्हा मला आणले.

काय ते स्वागत! नगराध्यक्षांनी एक रिसीव्हर कानाला लावला, दुसरा एका फिलिपिनो बाईच्या हाती दिला, दोघेही हसले आणि फोटो निघाला. गंमत अशी की माझी तार तेव्हा जोडलेलीच नव्हती. दोघेही ठार मुक्या टेलिफोनला कान लावून हसत होते. पुढचे सगळे मी तेव्हाच ओळखायला हवे होते.

पण सुरुवातीची वर्षे चांगली गेली. नागरिक विभागात तेव्हा कुवाबाराबाई होत्या. काउंटरपाशी कोणी घुटमळताना दिसले की त्या उठायच्या, खुर्ची पुढे सरकवायच्या आणि माझा उजवा रिसीव्हर त्याच्या हातात द्यायच्या. ना अर्ज, ना विनंती. कुणाचा पाण्याचा नळ तुटलेला, कुणाला बाळाच्या लसीची तारीख हवी, कुणाच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला अडलेला. पलीकडून त्यांची भाषा कानावर पडली की त्या माणसांचे खांदे खाली यायचे. एक इंडोनेशियन खलाशी तर दुभाषीणबाईंचे बोलणे संपल्यावरही रिसीव्हर सोडीना. "अजून दोन मिनिटं बोला," म्हणाला, "काहीही बोला." अशा दिवशी मला माझ्या जन्माचा अभिमान वाटायचा.

आमच्याकडे दर तीन वर्षांनी एप्रिलमध्ये बदल्या होतात. कुवाबाराबाई पाणीपुरवठा विभागात गेल्या आणि नुमाजिरी साहेब आले.

नुमाजिरी साहेब वाईट माणूस नव्हेत. वाईट माणसाचा मला राग आला असता. यांची मला किळस येते. त्यांनी आल्या आल्या मला व्यवस्थित केले. दुभाषी हवा असेल तर तीन दिवस आधी अर्ज. अर्जावर पाच चौकटी, पाच अधिकाऱ्यांचे पाच शिक्के. आणि अर्ज कशात भरायचा? जपानीत! जपानी येत नाही म्हणून मदत मागायची आणि ती मदत मागायला आधी जपानी शिकून यायचे. वर आणखी एक नियम, सरकारी कामात मोबाइलच्या भाषांतरावर विसंबायचे नाही, त्याने गैरसमज होतात म्हणे.

साहजिकच माणसे यायची बंद झाली. वर्षाअखेरीस साहेबांनी अहवाल लिहिला, "मागणी आढळून आली नाही." आणि दूरच्या शहरातल्या दुभाष्यांशी असलेला करार थांबवला. एका सकाळी माझ्या तारेतली गुणगुण बंद झाली. मला वाटले, कुठे वीज गेली असेल. ती परत आलीच नाही. मला मात्र काउंटरवरून हलवले नाही, कारण बाहेरगावची मंडळी आमचे कार्यालय पाहायला यायची आणि साहेब माझ्याकडे हात करून म्हणायचे, "आमच्या गावात भाषेची भिंत नाही." महिला मंडळाने माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. तो माझ्यावर पसरला आणि रुमालावर अर्जांचा ट्रे ठेवला. म्हणजे माझ्यासाठी केलेले अर्ज माझ्याच डोक्यावर साचायचे, आणि मी खाली मेलेला! रुमालाच्या भोकांतून मी जग बघत असे.

गेल्या हिवाळ्यात त्या भोकांतून मला न्यान दिसली.

न्यान व्हिएतनामची. कालवांच्या कंपनीत कामाला. नवरा दूरच्या बंदरात जहाजे रंगवायला गेलेला, आणि इथे ती आणि चार वर्षांची मुलगी. मुलीचे घरचे नाव बुओय, म्हणजे पपनस. गाल तसेच होते म्हणून. न्यान हातात एक पत्र घेऊन आली होती. जपानीत तिला मोजून वीसेक शब्द येत. त्यातले तीन तिने वापरले, "मूल. गुरुवार. भाषा."

झाले असे होते की, पाळणाघरात दुपारच्या झोपेसाठी कपडे बदलताना शिक्षिकेला बुओयच्या पाठीवर लाल पट्टे दिसले, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. तिने वर कळवले. त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. लेकराची पाठ बघून जी डोळे मिटत नाही, ती बाई भलीच. आता गुरुवारी जिल्ह्याच्या बालकल्याण कार्यालयातून अधिकारी येणार होत्या आणि न्यानला जाब द्यायचा होता.

काउंटरवर सेगावा नावाचा तरुण कारकून होता. त्याने खालमानेने अर्ज पुढे केला. भरायलाही त्यानेच मदत केली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. शेवटी तो म्हणाला, "इथं शिक्का लागेल तुमच्या नावाचा."

आमच्या गावच्या दुकानात आडनावांचे तयार शिक्के फिरत्या चौकटीत लावलेले असतात, शेकड्यांनी. न्यान धावत गेली, चौकट दोनदा फिरवली आणि रिकाम्या हातांनी परत आली. तिच्या नावाचा शिक्का तिथे कुठून असणार? मग सेगावाने साहेबांना विचारले. साहेबांनी अंगठा चालवून घेतला, पण अंगठ्यासाठी वेगळी परवानगी लागते म्हणून एक दिवस आणखी गेला. अर्ज माझ्या डोक्यावरच्या ट्रेमध्ये पडला. बुधवारपर्यंत त्यावर तीन शिक्के आले. चौथे साहेब सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला गेले होते.

गुरुवारी दुपारी दुभाषी नाहीच. तेव्हा कंपनीने आपला माणूस पाठवला. त्याचे नाव वुओंग. तोही व्हिएतनामचा, पण दहा वर्षे इथे राहून मुकादम झालेला. माझ्या शेजारच्याच टेबलाशी ते बसले. समोर बालकल्याणच्या तोरिगोएबाई, मधे वही.

"दादा, तिला ताप होता ते सांगा हं आधी," न्यान म्हणाली.

"सांगतो, सांगतो. तू पहिल्यांदा मान खाली घाल आणि माफी माग. इथं आधी माफी मागायची असते. मागितली की यांचं डोकं थंड होतं, दहा मिनिटांत सुटका. मला चार वाजता गाडी भरायचीय."

"पण मी केलंय काय?"

"काही केलं नसलं तरी मागायची. इथली रीतच आहे पोरी."

यात वुओंग खोटे बोलला नाही. या काउंटरवर मी दिवसभर माफीच ऐकतो. उशिरा आले तरी माफ करा, लवकर आले तरी माफ करा, पेन चाललं नाही, माफ करा.

तोरिगोएबाईंनी विचारले, "पाठीवरचे पट्टे तुम्हीच उठवलेत?"

"हो, मीच," न्यान आपल्या भाषेत म्हणाली. "ताप चढला होता, पोरगी कण्हत होती. पाठीला तेल लावलं आणि चमच्याने वारा काढला. अंगात शिरलेला वारा खरवडून काढावाच लागतो ना! माझ्या आईने माझा काढला, तिच्या आईने तिचा. तुमच्या आईनेही तुमचा काढला असेल की, दादा."

वुओंगने तोरिगोएबाईंच्या कडक कॉलरकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले. गावाकडची ही चाल या लोकांपुढे सांगायची त्याला लाज वाटली. जपानीत तो एवढेच म्हणाला, "हो म्हणते. चमच्याने."

"चमच्याने मारलं?"

"चमच्याने," तो पुन्हा म्हणाला.

मित्रांनो, मला दोन कान आहेत. दोन्ही बाजूंचे मला कळत होते. तेल, ताप, आई, आजी, सगळे त्या टेबलावर सांडले होते आणि हा माणूस फक्त चमचा उचलून देत होता. मी ओरडलो असतो, पण मेलेल्या तारेला कसला आवाज! न्यानला वाटले, दादाने सगळे सांगितले. ती उठली, वाकली आणि जपानीत म्हणाली, "माफ करा." पुन्हा वाकली, "माफ करा." तिसऱ्यांदाही. तोरिगोएबाईंचे पेन तीनदा चालले. वहीत काय लिहिले ते मला रुमालाच्या भोकातून दिसले, "आईने कबुली दिली."

मग एक कागद पुढे आला. वुओंग म्हणाला, "सही कर, रीत म्हणून असते." तिने केली. पर्स उचलत तिने विचारले, "आता बुओयला पाळणाघरातूनच घेऊ ना?"

वुओंग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आज नाही. थोडे दिवस ती त्यांच्याकडे राहील."

न्यान अशी उठली की खुर्ची आडवी झाली. ती तीन पावले धावली, परत आली, पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि मग दारातून पळत सुटली. पाळणाघर गाठेपर्यंत गाडी गेलेली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

त्यानंतर ती रोज यायची. संध्याकाळी पाळी सुटली की कालवांच्या वासासकट यायची आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसायची, पाचचा भोंगा होईपर्यंत. काही मागायची नाही. नुमाजिरी साहेब सेगावाला म्हणायचे, "खिडकी उघड जरा, वास येतोय." वास येत होता खरा, पण तो कालवांचा नव्हता.

पुढच्या मंगळवारी अर्जावर पाचवा शिक्का उमटला. "मंजूर." कशाला मंजूर? बैठक होऊन पाच दिवस झाले होते, मूल गेले होते आणि टेलिफोन दोन वर्षांपूर्वीच मेला होता. पाच शहाण्या माणसांनी एका मेलेल्या टेलिफोनवर बोलायला परवानगी दिली होती. सेगावाने तो कागद नीट फायलीत लावला.

आता हात्सुएमावशींबद्दल सांगतो. सत्तरीच्या बाई, कार्यालयाची साफसफाई करणाऱ्या, तोंडाने फटकळ. मला रोज पुसायच्या त्याच. त्या आठवड्यात त्यांना सर्दीने घेरले होते, खोकून खोकून बेजार. बादली ठेवून त्या बाकावर न्यानशेजारी टेकल्या. न्यानने त्यांच्याकडे पाहिले, पिशवीतून हिरव्या तेलाची बाटली आणि जाड कडांचा चमचा काढला आणि स्वतःच्या मानेला लावून खूण केली, काढू का?

"काय करायचं ते कर बाई," मावशी म्हणाल्या, "डॉक्टर नुसतंच गरम पाणी प्या म्हणतोय."

आणि त्या बाकावर, सरकारी सूचनांच्या फळ्याखाली, न्यानने मावशींच्या मानेवर आणि खांद्यांवर तेल चोळले आणि चमच्याने वरून खाली ओढत वारा काढला. लाल पट्टे उठले, तस्सेच. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. "दुखत नाही गं," त्या म्हणाल्या. न्यानला ते कळले नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि हात थांबत नव्हता. मावशींनी दारापाशीच्या आरशात मान पाहिली, आणि गुरुवारी फरशी पुसताना कानावर पडलेले ते "चमच्याने मारलं?" त्यांना आठवले असावे.

दुसऱ्या दिवशी तोरिगोएबाई पुढच्या कागदावर सही घ्यायला आल्या. बुओयचा तिकडचा मुक्काम वाढवायचा होता. वुओंग आला होताच. सगळे बसतात न बसतात तोच मावशी फडके घेऊन टेबलाशी आल्या.

"साहेब, दुभाषी मंजूर झालाय. पाच शिक्के आहेत, मी मोजले. आता लावा फोन."

"मावशी, हे तुमचं काम नाही," नुमाजिरी साहेब म्हणाले.

"माझंच आहे. याला रोज मीच पुसते."

असे म्हणून त्यांनी ट्रे बाजूला ठेवला आणि माझ्यावरचा रुमाल ओढून काढला. एक रिसीव्हर तोरिगोएबाईंच्या हातात दिला, एक न्यानच्या. बटण दाबले. किती वर्षांनी माझे दोन्ही कान कुणाच्या तरी कानांना लागले! पण तारेत काहीच नव्हते. न्यानचा श्वास माझ्या पोटातून तोरिगोएबाईंच्या कानात जात होता, त्यांचा हिच्या कानात. मधले माणूस मात्र नव्हते. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"हा चालू नाही," तोरिगोएबाई म्हणाल्या. "केव्हापासून?"

सेगावा जमिनीकडे बघत म्हणाला, "दोन वर्षांपासून."

"मग हा अर्ज मंजूर कसला केला?"

नुमाजिरी साहेब उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "माफ करा." पुन्हा वाकले, "फार माफ करा." तिसऱ्यांदाही वाकले. मित्रांनो, मी नीट पाहिले. तोरिगोएबाईंचे पेन या वेळी हलले नाही. साहेबांची माफी म्हणजे रीत आणि न्यानची माफी म्हणजे कबुली! त्या क्षणी मला जो उबग आला, तो अजून गेलेला नाही.

पण मावशी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी गळ्याचा रुमाल सोडला, वरची दोन बटणे काढली आणि पाठमोऱ्या झाल्या.

"हे बघा बाई. मलाही मारलंय का हिनं? काल इथंच, या बाकावर, सर्दी झाली म्हणून. तेल लावून, चमच्याने. साहेब बाहेर गेले होते म्हणून वाचली बिचारी, नाहीतर त्यासाठीही अर्ज लागला असता."

न्यान काय चालले आहे ते न कळून पिशवीतला चमचा काढून टेबलावर ठेवत होती. तोरिगोएबाईंनी मावशींच्या मानेकडे पाहिले, चमच्याकडे पाहिले, मग वुओंगकडे वळल्या. "हे काय आहे? आणि या वेळी सगळं सांगा."

वुओंगच्या कपाळावर घाम आला होता. "आमच्याकडे ताप आला की करतात असं," तो पुटपुटला. "सगळ्याच आया करतात."

"तुमच्या आईनेसुद्धा?"

त्याने बाहीने घाम पुसला. मग म्हणाला, "हो."

तोरिगोएबाईंनी वही मिटली. दोन दिवसांनी जिल्ह्याहून खरा दुभाषी घेऊन आल्या, दोन तास बसल्या आणि पहिले पान खोडून नवे लिहिले. बाईंना चूक सुधारता आली, याचे मला बरे वाटले. पण कागद खोडायलाही शिक्के लागतात. सगळे मिळून तेवीस दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी बुओयला इथेच, माझ्यासमोर आणले. अंगात नवा स्वेटर, केस नीट विंचरलेले. न्यान बाकावरून उठली आणि गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही हात पसरले. पोर दोन पावले पुढे आली आणि थांबली. तेवीस दिवसांत तिच्याशी तिच्या भाषेत कुणी बोलले नव्हते. तिने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, पपनसासारखे गाल खाली घातले, आईपुढे कमरेत वाकली आणि स्वच्छ जपानीत म्हणाली, "माफ करा."

न्यानने तिला छातीशी ओढले. हात्सुएमावशींनी तोंड फिरवले आणि त्या मलाच खसाखसा पुसू लागल्या, मी स्वच्छ असूनही.

त्यानंतर वर्तमानपत्रात थोडा गाजावाजा झाला. माझी तार पुन्हा जोडली गेली. नगराध्यक्षांनी पुन्हा एक रिसीव्हर कानाला लावला आणि फोटो निघाला. महिला मंडळाने नवा रुमाल विणला, या वेळी गुलाबी. आणि अर्जावर आता सहावी चौकट आली आहे, "टेलिफोन चालू असल्याची खात्री केली." रुमालाखाली माझी तार दिवसभर गुणगुणते. तिकडे दुभाषीणबाई बसल्या आहेत, इकडे बाकावर कुणीतरी घुटमळते आहे, आणि मधे मी, झाकलेला.

मित्रांनो, एवढे आयुष्य काढून मी तुम्हाला एकच विनंती करतो. उद्या तुमच्यातले कुणी अशा काउंटरमागे बसले आणि समोर एखादे माणूस तीन तुटक्या शब्दांत मदत मागू लागले, तर त्याच्यापुढे अर्ज सरकवू नका. रुमाल काढा. मला पुसून ठेवू नका, उचला.